कॅसेटच्या शेवटची बाई

मी बहरीनला गेले ती एका बाईला शोधायला. गावात सांगितलं, नवऱ्याने व्हिसा पाठवलाय. ते खोटं नव्हतं, पण विमानात बसताना माझ्या डोक्यात नवरा नव्हताच, ती बाई होती.

त्याचं असं झालं. सत्तरच्या दशकात आमच्या गुहागरकडच्या गावात आखातातून पत्रांपेक्षा कॅसेटी जास्त यायच्या. सुट्टीवर येणारा कुणीतरी त्या आणून द्यायचा, मग टेपरेकॉर्डर ओटीवर ठेवून अख्खं घर त्याच्यासमोर बसायचं. नवरा बहरीनमधल्या सित्र्याला एका कंपनीच्या वर्कशॉपात एसी मेकॅनिक होता. आईला गुडघ्याचं विचारायचा, भावाला छपराचं, आणि सगळ्यांत शेवटी मला, "तू बरी आहेस ना?" उत्तराची कॅसेटही अशीच सगळ्यांनी मिळून भरायची. सासरे खाकरून सुरुवात करणार, मग दीर, जाऊ, आणि उरलीच टेप तर मी. एवढ्या जणांच्या देखत बायको काय बोलणार? "इकडे सगळं ठीक आहे. काळजी करू नका," एवढं म्हणून मी उठायची.

एकदा त्याचं बोलणं संपलं, दिराने बटणाकडे हात नेला आणि आतून एक बाई गायला लागली. इंग्रजीत. सोबत गिटार आणि रडवं व्हायोलिन. आवाज सर्दी झाल्यासारखा, थोडा नाकातला, पण कसलीच घाई नसलेला. गाणं संपता संपता कपबशी वाजली आणि माझा नवरा अगदी हळू म्हणाला, "वा!"

दिराने टेप बंद केली. "रेडिओ असेल," सासूबाई म्हणाल्या. मी मान डोलावली, पण मला ते पटलं नव्हतं. या माणसाने माझ्या हातच्या घावनांना कधी वा म्हटलं नव्हतं. गणपतीच्या भजनाला बसला तरी मख्ख. आणि रेडिओ असेल तर असेल, चहा कुणी केला होता?

बहरीनला विमानतळाजवळ, मुहर्रकला, त्याने जुन्या घरातली एक खोली घेतली होती. विमान उतरलं की मांडणीवरची भांडी थरथरायची. त्या खोलीत पाऊल टाकल्यापासून मी तपासच सुरू केला. उशी उलटसुलट करून पाहिली. न्हाणीत बाईमाणसाचा साबण आहे का, हुंगून पाहिलं. कप दोन होते.

"दोन कशाला?"

"एक फुटला तर?" तो म्हणाला.

कॅसेटी सापडल्या बुटांच्या खोक्यात. एकीच्या वेष्टनावर त्या बाईचा फोटो होता. चाळिशीची, अंगाने भरलेली, सुती फ्रॉक घातलेली, केस मुख्याध्यापिकेसारखे चापून बसवलेले. नटवी असती तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. ती इतकी साधी होती की मला जास्तच भीती वाटली.

त्याचं म्हणणं असं, की वर्कशॉपातला अमेरिकन फोरमन मायदेशी परत जाताना या कॅसेटी देऊन गेला. त्यांच्याकडच्या खेड्यापाड्यातली गाणी. टेप झिजू नये म्हणून हा दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून तिच्या नकला काढायचा, त्यात खोलीतले आवाजही उतरायचे. कोरी कॅसेट नव्हती म्हणून त्यातल्याच एका नकलेवर त्याने आमच्यासाठी बोलणं भरलं आणि शेवटचं गाणं तसंच राहिलं.

"साहेब म्हणायचा, तिकडेही हिला फार कुणी ओळखत नाही," तो म्हणाला.

"मग तुम्हीच कसे ओळखता?"

बाजारातल्या कॅसेटवाल्याला मी फोटो दाखवला. "मफी मालूम," म्हणाला. नाही, माहीत नाही. कॅसेटवाल्याला माहीत नसलेली गायिका असते कुठे? माझा संशय आणखी पक्का झाला. संध्याकाळी कंपनीची बस सोडून गेली की नवरा बूट काढायचा, बटण दाबायचा आणि भिंतीला टेकून ऐकत बसायचा. मी भांडी आपटायची.

वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडच्या भाभी राहायच्या. त्यांची मुलगी इंग्रजी शाळेत होती. एका दुपारी मी ती कॅसेट पदराखाली घालून वर नेली. मुलीने गाणं ऐकलं आणि हसली. "आंटी, शी इज ओन्ली कम्प्लेनिंग."

भाभींनी तिला खोदून खोदून विचारलं आणि मला मराठीत सांगितलं. नवरा दूर कामावर गेलाय. ही म्हणते, छप्पर नवं झालं, लोक वाहवा करतात, मी मात्र जेवताना दाराकडे तोंड करून बसते. आता काही पाठवू नकोस, तूच ये.

गावी मीसुद्धा दाराकडे तोंड करूनच जेवायची. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "तुमची ती बाई तर नुसत्या तक्रारी करते!"

"हो. साहेबाने सांगितलं होतं मला," तो म्हणाला. मग बुटांच्या नाड्या सोडायला लागला. "तू कधी केली नाहीस. तुझं आपलं सगळं ठीक. मला वाटायचं, मी नसलो तरी हिचं काही अडत नाही."

म्हणजे इतकी वर्षं हासुद्धा संशयच घेत होता. मला रागही आला आणि रडूही.

पुढे ऐंशीच्या दशकात सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि मला परतावं लागलं. पहिली कॅसेट भरायची वेळ आली तेव्हा माझी पाळी यायची वाट न बघता मी कोरी कॅसेट आणि टेपरेकॉर्डर घेऊन माजघरात गेले आणि दार लावलं. एकटीच काय बोलते, म्हणून जाऊ दाराला कान लावून उभी राहिली असणार. मी शब्द त्या बाईचेच घेतले, कारण ते माझेही होते. बोलता बोलता रडू आलं, नाक वाहायला लागलं. तशीच बोलले.

त्याची कॅसेट आली. ओटीवर सगळे बसले. गुडघे झाले, छप्पर झालं, "तू बरी आहेस ना?" झालं. दिराने हात पुढे केला आणि आतून पुन्हा एका बाईचा आवाज. नाकातला, सर्दी झाल्यासारखा. जावेने माझ्याकडे पाहिलं. ही आता कोण?

"जेवताना मी दाराकडे तोंड करून बसते," बाई म्हणाली. "या आता."

मराठीत. मीच होते ती. झिजू नये म्हणून त्याने माझीही नक्कल काढली होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दीर बटण दाबणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "असू दे रे. रेडिओ असेल."

माझं बोलणं संपलं. कपबशी वाजली. आणि तो, अगदी हळू, "वा!"

या वेळी चहा कुणी केला होता, ते मी विचारलं नाही.