आबांसाठी बिनदारूचं सोनं

केकवर सोनं चढवायचं तर दारू लागते. ऐकायला वाईट वाटतं, पण आमच्या धंद्यातली ही साधी गोष्ट आहे. खायची सोनेरी पूड व्होडकात कालवायची, एअरब्रशच्या इवल्याशा वाटीत ओतायची, कॉम्प्रेसर चालू करायचा आणि वीतभर अंतरावरून फवारायची. दारू लगेच उडून जाते, केकवर नुसती चकाकी उरते. हे मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा समजावलंय की झोपेतही सांगेन. आबांना मात्र समजावता आलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याला भावाकडे राहतात. एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतला आणि तेव्हापासून मांस, अंडं, दारू यांची सावलीसुद्धा त्यांना चालत नाही. पुढे मी जळगावात घरच्या घरी केक करायला लागले आणि माझ्या फ्रिजात अंड्यांचे ट्रे आले. त्यानंतरही आबा माझ्याकडे येतात, नातवंडांशी गप्पा मारतात, पण तहान लागली की पिशवीतून स्वतःची बाटली काढतात. त्यावरून एका शब्दानं कधी बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? माझ्या हातची कळण्याची भाकरी मागून मागून खाणारा बाप माझ्या घरात पाहुण्यासारखा उपाशी बसतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

म्हणून भावाचा फोन आला तेव्हा माझा विश्वास बसेना. आबांची पंचाहत्तरी करायची होती. भाऊ म्हणाला, "केक तूच आण. अंडं नसेल तर खाईन म्हणतात." मी ओट्याला टेकून रडले. तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज, "सोनेरीच करा हं ताई, अमृतमहोत्सव आहे!" आणि मग आबांनीच फोन घेतला.

"सोनं कसं काय चिकटस वं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. पण ज्या माणसानं इतक्या वर्षांनी माझ्या हातचं खायचं ठरवलं, त्याला फसवून खाऊ घालायचं? मी सांगून टाकलं.

"मंग ते नको," आबा म्हणाले.

"नाही टाकणार आबा. थेंबसुद्धा नाही."

शब्द तर दिला. दारूऐवजी पाणी घेतलं तर काय होतं ते मला ठाऊक होतं. केकवरच्या साखरेच्या मऊ आवरणावर पाणी बसलं की ते चिकट होतं आणि सोन्याचे ओघळ येतात. पण जळगावचा मे महिना यात माझ्या बाजूनं होता. इथल्या कोरड्या उन्हात वाळत घातलेली चादर दोरीवरून काढायच्या आत कडक होते, तर पाण्यातलं सोनं का नाही वाळणार? ओली हवा नको म्हणून मी कामाच्या खोलीतला कूलर बंद केला. आधी हळदीसारखा पिवळा थर दिला, त्यावर सोन्याचा हलका हात, मग थांबायचं, मग पुन्हा हात. पूड तळाशी बसते म्हणून वाटी सारखी हलवत राहायची. नळी दर थोड्या वेळानं तुंबायची, की ती सोडवून धुवा, पुसा, पुन्हा बसवा. घामाचा थेंब केकवर पडू नये म्हणून कपाळाला पंचा बांधला होता. घरच्यांनी त्यावरून भरपूर चेष्टा केली. पण केक असा झळाळला की दारूनंही इतका झळाळला नसता. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

एरंडोल, पारोळा करत एसी गाडीतून केक धुळ्याला सुखरूप पोचला. हॉलमध्ये टेबलावर मांडला तेव्हा शेजारपाजारच्या बाया फोटो काढायला जमल्या. आबा लांबून बघत होते. माझ्या जिवात जीव आला आणि मी साडी बदलायला आत गेले.

आमच्या खानदेशात उन्हाळ्यात पाहुणा आला की आधी कूलर त्याच्याकडे वळवतात, मग पाणी विचारतात. मी बाहेर आले तर चाकांच्या स्टँडवरचा मोठा लोखंडी कूलर थेट केकसमोर आणून ठेवलेला. टाकी नुकतीच काठोकाठ भरलेली, गवताच्या जाळ्या थपथपत्या, आणि वाऱ्याबरोबर बारीक शिंतोडे उडत होते. वरचं सोनं फिक्कट डाग होऊन खाली सरकलं होतं आणि पायथ्याशी पिवळं डबकं साचलं होतं.

"कुणी केलं हे?" मी जवळजवळ ओरडलेच.

वहिनीनं डोळ्यांनी खूण केली. कूलरला हात लावून आबाच उभे होते, खूश.

"पोरनी इतला लांबथीन आणा," ते बायांना म्हणाले. "केकले गरम व्हई रायनं व्हतं."

मी कूलर बंद केला. बाकी काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं. एअरब्रश जळगावात, माणसं खुर्च्यांवर, आणि भाऊ सुरी घेऊन उभा. आबा केकपाशी आले तेव्हा त्यांना ते डबकं दिसलं. भावाच्या हातून सुरी घेऊन ते माझ्याकडे वळले.

"दारू टाकेल राहती ते हाई टिकी जातं का वं?"

इकडे आड, तिकडे विहीर. हो म्हणावं तर केक त्यांच्या नेमापायी बिघडला, नाही म्हणावं तर त्यांच्या कूलरपायी. "उन्हाळ्यात होतं असं," मी पुटपुटले. त्यांनी ते हो म्हणूनच घेतलं, चेहऱ्यावर दिसलं.

त्यांनी केक कापला. मी दिलेला तुकडा घेतला आणि सगळा खाल्ला, ओघळलेल्या चिकट कडेसकट. मी बघत होते. किती वर्षं मला हेच बघायचं होतं.

"गोड शे," ते म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाले, "आते फुढे तू तुना रीतनं कर. मनाकरता काम बिघाडू नको. मी नही खाऊ, चाली."

मला सोनं नको होतं. साधा पांढरा केक करते, आबा, तो खा, एवढंच म्हणायचं होतं. पण तोवर पाया पडणाऱ्यांची रांग लागली होती. रात्रीची जेवणं झाल्यावर तसं म्हटलं, तर "तुनं काम मोठं शे," म्हणून त्यांनी विषय मिटवला. लेकीला आपल्या नेमातून मोकळं केल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि ते मोडायचा धीर मला झाला नाही.