दोन गावं, एक राजा आणि बाबांचा प्रश्न

नागपूरहून आलेल्या बाबांना ट्युलिप दाखवून झाले, पवनचक्क्या झाल्या. मग मी व्लिसिंगनचं ठरवलं. समुद्र आहे, इतिहास आहे, आणि प्रवास लांबचा म्हणून बोलायला निवांत वेळ मिळतो. मला डच नागरिकत्व मंजूर झालं होतं, फक्त शपथविधी बाकी होता. हे बाबांना अजून सांगितलं नव्हतं.

आमच्या बुइटनव्हेल्डर्टहून निघून स्किपोल विमानतळावर गाडी बदलली की पुढे थेट रेल्वे आहे. तीनेक तास धरून चाला. शनिवार-रविवारी सवलतीचं कार्ड वापरा आणि डबे सोबत घ्या, गाडीत काही मिळत नाही. माझ्या बायकोनं, स्नेहानं, पोळी-भाजी दिली होती. रोटरडॅम गेलं, रोझनडाल गेलं, डबा संपला, पण माझ्या तोंडून विषय काही निघाला नाही.

आधी मिडलबर्गला उतरलो. एल्स नावाच्या निवृत्त शिक्षिका तिथे इंग्रजीतून गाव फिरवून दाखवतात. त्यांनी सांगितलं ते असं : पंधराशे बहात्तर साली इथे स्पेनच्या राजाचा अंमल होता. व्लिसिंगनच्या लोकांनी राजाचे सैनिक गावात घ्यायला नकार दिला, त्यांच्या जहाजांवर तोफ डागली. जेमतेम सात किलोमीटरवरचं मिडलबर्ग मात्र राजाच्या बाजूनं राहिलं. मग बंडखोरांनी मिडलबर्गला वेढा घातला. जवळजवळ दोन वर्षं. लोकांनी उंदीर-मांजरंही खाल्ली.

"म्हणजे व्लिसिंगनवाले राजाच्या विरुद्ध गेले," बाबा म्हणाले.

"तसं ते म्हणत नव्हते," एल्स म्हणाल्या. "आम्ही राजाचेच, फक्त त्याच्या सुभेदाराच्या विरुद्ध, असं म्हणायचे."

"राजाला मानायचं आणि त्याच्याच जहाजांवर गोळे टाकायचे?"

"हो."

"मग गद्दार कोण?"

एल्स म्हणाल्या, "माझे वडील व्लिसिंगनचे, आई इथली. आमच्या घरात हा प्रश्न विचारत नाहीत."

दुपारी बसनं व्लिसिंगनला गेलो. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरून मोठाली जहाजं इतकी जवळून जातात की वरची माणसं दिसतात. वारा भयंकर, कानटोपी न्याच. आम्ही दालचिनीचे चिकट गोड पाव, इथले बोलस, घेऊन बाकावर बसलो आणि मी एकदाचं सांगून टाकलं.

बाबा बोटं पुसत राहिले. "का?"

"बारा वर्षं कर भरतोय, बाबा. इथल्या संसदेसाठी मत देता येत नाही."

"आणि तिकडचं मत?"

"ते जाईल. पासपोर्टही."

बाबांनी आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही. सत्तरीत ताप असताना रिक्षानं जाऊन आलेत.

"शपथ राजाची घ्यायची?"

"राजाचं नाव नाही त्यात. इथल्या घटनेचा मान राखीन, असं आहे."

"घटनेचा," ते म्हणाले. "सहावीत तुझ्याकडून उद्देशिका पाठ करून घेतली होती मी."

"मला अजून पाठ आहे."

"म्हणूनच तर कळत नाही रे. राग यायला पाहिजे. येतोय की नाही, तेच समजून नाही राहिलं."

ते उठून चालू लागले. मागे जावं की बसून राहावं, मला कळेना. शेवटी बऱ्याच अंतरावरून चालत राहिलो. जुन्या मनोऱ्यापाशी ते थांबले, मी पोचलो तेव्हा म्हणाले, "थंडी वाजते, चल."

परतीच्या गाडीत ते झोपले, किंवा डोळे मिटून बसले. घरी आल्यावर आईला फोनवर दोन्ही गावांची गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली. माझ्याबद्दल आईनं काही विचारलं असावं. "बरा आहे," ते म्हणाले. "त्याचं एक प्रकरण आहे, मला समजलं की सांगतो."

आता ते नागपूरला आहेत. व्लिसिंगनला जरूर जा, पण आधी मिडलबर्गला उतरा, नाहीतर एकच बाजू ऐकून याल. दोन्ही ऐकूनही मला काही ठरवता आलं नाही, हे सांगून ठेवतो. परवा बाबांना विचारलं, शपथविधीला याल का? फोनवर मागे पंख्याचा आवाज येत होता.

"तारीख कळव," ते म्हणाले.

हे हो होतं की नाही, ते मी विचारलं नाही.