चौथ्यांदा बटण दाबल्यावर उघडणारी खिडकी

२००४ च्या हिवाळ्यात मी अमेरिकेत ट्रॉयला आले तेव्हा मला प्रोग्रॅमिंगची जावा भाषा येत होती आणि गाडी चालवता येत नव्हती. काम मिळालं ते नेमकं गाड्यांच्या दरवाज्यांचं. एका दरवाज्यात लॉक असतं, बाहेरचा आरसा असतो, पायाशी उजेड पाडणारा छोटा दिवा असतो आणि खिडकीची मोटर असते. या चौघांना चालवणारं सॉफ्टवेअर आमच्या ऑफिसात लिहायचे, तेही सी भाषेत. सी मी नागपूरला कॉलेजात शिकले होते, परीक्षेपुरती.

पुढे पुण्यात तीन वर्षं जावा लिहून माझ्या डोक्यात सगळं क्लासमध्येच यायला लागलं होतं. क्लास म्हणजे वस्तूचा साचा. एक सर्वसाधारण साचा करायचा, मग ‘खिडकी ही त्याचीच पोर’ असं एका शब्दात सांगायचं, की त्याच्याकडचं सगळं खिडकीला आपोआप मिळतं. याला इनहेरिटन्स म्हणतात. सीमध्ये क्लासच नाहीत, तेव्हा इनहेरिटन्सही नाही. एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

आणि पहिल्याच आठवड्यात वाचायला दिलेल्या कोडमध्ये खिडकीच्या माहितीची पहिली ओळ होती ‘पेरेंट’. आरशाचीही. लॉकचीही.

तो कोड लिहिणारे इंजिनियर माझ्या शेजारच्याच क्यूबिकलमध्ये बसत. साठीला आलेले, शर्टाच्या खिशात वायर सोलायचा चिमटा. मी त्यांना विचारलं, “हे इनहेरिटन्स आहे का?”

“तुम्ही लोक कशाला काय म्हणता मला माहीत नाही,” ते म्हणाले. “चौघांनाही करंट द्यावा लागतो. तेच चारदा कशाला लिहायचं?”

आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहणारा पुण्याचा एक सहकारी मला रोज घरी सोडायचा. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, सीमध्ये कसलं इनहेरिटन्स! तू काहीतरी चुकीचं वाचलंस. उगाच टेन्शन घेऊ नकोस यार.” मी खिडकीबाहेर साचलेल्या काळपट बर्फाकडे बघत बसले. दोघांचंही बरोबर वाटत होतं, हाच वैताग होता.

मग मला पहिलं स्वतःचं काम मिळालं. कुणी खिडकीचं बटण सारखं दाबत राहिलं तर मोटर तापते. म्हणून बटण किती वेळा दाबलं ते मोजायचं आणि ठरावीक आकड्यानंतर मोटरला विश्रांती द्यायची. सोपं होतं. खिडकीच्या माहितीत मी मोजणीची एक ओळ वाढवली. नवी आणि महत्त्वाची, म्हणून सगळ्यात वर घातली. कोड तपासून तो मशीनच्या भाषेत आणणाऱ्या कम्पायलरने काही तक्रार केली नाही.

लॅबमध्ये एक सुटा दरवाजा स्टँडवर उभा केलेला असायचा. मी खिडकीचं बटण दाबलं. लॉक खटकन वाजलं. पुन्हा दाबलं, तर आरसा हलला. तिसऱ्यांदा दाबल्यावर दिवा लागला. चौथ्यांदा खिडकी शहाण्यासारखी खाली आली. पाचव्यांदा काहीच नाही. पॉवर बंद करून चालू केली. परत लॉकपासून सुरू.

मी वायरिंग तपासलं. दुसरा हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, लावून बघितला. बटण बदललं. दोन दिवस मी त्या दरवाज्यासमोर उभी होते. येणारे-जाणारे थांबून बघायचे, एकाने तर हौसेने स्वतः चारदा दाबून पाहिलं. माझा कोड करंटला हातही लावत नव्हता, तो फक्त मोजत होता. मोजल्याने आरसा कसा हलेल?

शेवटी शेजारच्या क्यूबिकलमधल्या इंजिनियरांनाच बोलावलं. त्यांनी एकदा पूर्ण फेरी बघितली आणि विचारलं, “तू नक्की काय बदललंस?”

“एक ओळ वाढवली. मोजणीची.”

“कुठे?”

“सगळ्यात वर.”

ते स्टूल ओढून बसले आणि एका कागदावर एकाखाली एक खाने काढले. “करंट देणाऱ्या फंक्शनला खिडकी कळत नाही, आरसा कळत नाही. आपण त्याला फक्त सुरुवात कुठे आहे ते दाखवतो. तिथल्या पहिल्या खान्यात पेरेंट, म्हणजे वायरचा नंबर आहे असं ते धरून चालतं. लॉकची वायर एक, आरशाची दोन, दिव्याची तीन, खिडकीची चार. तू पहिल्या खान्यात काय ठेवलंस?”

बटण किती वेळा दाबलं तो आकडा. एक, दोन, तीन, चार.

“पण मग कम्पायलरने मला अडवलं का नाही?”

“कारण मीच त्याला गप्प राहायला सांगितलंय. जे समोर येईल ते पेरेंटच समज, म्हणून.”

“म्हणजे ही खिडकी खरं तर पेरेंटची कुणीच लागत नाही?”

“सुरुवातीच्या खान्यात तशी दिसते,” ते म्हणाले. “तेवढं पुरतं.”

मी ती ओळ खाली नेली. खिडकी पहिल्या झटक्यात उतरली. आनंद व्हायला हवा होता, पण मी गोंधळलेलीच राहिले. जावामध्ये हे नातं मी एकदा सांगितलं की भाषाच ते सांभाळायची. इथे नातं म्हणजे नुसती रांगेतली जागा, आणि ती सांभाळायची आपण माणसांनी. ही पद्धत मुळात कुणाची, असंही मी त्यांना विचारलं. त्यांनी ती वायपरच्या जुन्या कोडमधून उचलली होती. वायपरवाल्याने कुठून आणली ते त्यांना माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये मोटरवर सरकणाऱ्या सीटचं काम पूर्ण माझ्याकडे आलं. पेरेंट सगळ्यात वर ठेवला, बाकीचं खाली. सीट पहिल्याच दिवशी नीट मागेपुढे सरकली. मी त्या इंजिनियरांना सांगायला गेले तेव्हा ते सँडविच खात होते. “गुड,” म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. मी जागेवर परत आले आणि सीटची माहिती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. मला हे खरंच समजलं होतं, का मी नुसतं सांगितलेलं ऐकलं होतं, ते काही ठरवता येईना.