कात्रीची बोटं

तिला सगळे कात्री म्हणत. हातात असायची म्हणून, आणि तोंडातही होती म्हणून. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाला लागून एक अरुंद गाळा, त्यात दोन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन आणि भिंतभर आरसा. एवढ्या जागेत ती आणि तिची थोरली बहीण पार्लर चालवत. थोरली केस धुवायची, रंग लावायची. कापायचं काम कात्रीचं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ती आधी नुसती मागे उभी राहायची, दोन्ही हातांनी केस वर उचलून सोडून द्यायची, कसे पडतात ते बघायची आणि मग गंभीर चेहऱ्याने विचारायची, "हे कुणी केलं तुमच्या डोक्याचं? तक्रार केलीत की नाही?" बायका खो-खो हसायच्या आणि पुढच्या वेळी मैत्रिणीला घेऊन यायच्या.

तिच्या हातांबद्दल पहिल्यांदा बोलल्या त्या एका शाळेतल्या बाई. मानेवर बोटं टेकताच त्या खुर्चीतच उडाल्या.

"अगं, हात आहेत की बर्फाच्या कांड्या?"

"गरम हवे असतील तर आदल्या दिवशी सांगायचं," कात्री म्हणाली. "भिजत घालून ठेवते."

हसण्यावारी गेलं. पण मग दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. गार पाण्याचा फवारा मारला की डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं पहिलं बोट पांढरंफटक पडायला लागलं, नंतर निळसर, आणि मग अशी कळ यायची की ती ओठ चावून आरशाकडे पाठ करायची. हे तिचं केस धरायचं बोट. पहिल्या आणि मधल्या बोटाच्या चिमटीत केसांची बट धरायची आणि उजव्या हाताने कापायचं. सगळं कसब त्या चिमटीत होतं. एकदा कात्रीचं टोक त्या बोटाला निसटतं लागलं. एरवी दोन दिवसांत विसरली असती अशी जखम. पण ती भरेचना. तिने केसांच्या रंगाला दोष दिला, पाण्याला दिला, हातमोज्यांच्या नव्या खोक्याला दिला. मधल्या वेळात मागच्या दाराबाहेर उभं राहून सिगारेट ओढताना, सिगारेट त्याच दोन बोटांत आहे, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. किंवा आलं असेल आणि तिने ते धुरासोबत सोडून दिलं असेल.

सिगारेट ती एकोणिसाव्या वर्षी शिकली होती. तेव्हा ती एका मोठ्या पार्लरात उमेदवारी करत होती. दिवसभर पायांवर उभं राहायचं, बसायची सोय नाही. फक्त सिगारेट ओढणाऱ्या मुलींना मागच्या दाराशी जाऊन यायची मुभा होती. न ओढणारीने 'जरा पाय मोकळे करून येते' म्हटलं तर मालकीण म्हणायची, "कशाला? काय काम आहे?" तेव्हा कात्रीने एक हातात धरली, नुसती धरायला म्हणून. पहिल्या झुरक्याला मळमळलं, डोकं गरगरलं, ती पायरीवर बसली. पण बसायला मिळालं! पुढच्या आठवड्यात गरगरणं गेलं आणि वर्ष सरता सरता अशी गत झाली की सिगारेट ओढल्याशिवाय कापायला हात घातला तर हात थरथरायचा. ओढून आली की स्थिर. ती सांगायचीसुद्धा सगळ्यांना, "माझ्या हाताचं तेल आहे ते."

बोटाचं टोक काळं पडलं तेव्हा नवऱ्याने तिला ओढत दवाखान्यात नेलं. नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. कमी बोलणारा, कान देऊन ऐकणारा माणूस. रक्तवाहिन्यांचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी तिला मूठ घट्ट आवळायला लावली, मनगटाच्या दोन्ही बाजू आपल्या अंगठ्यांनी दाबल्या, मूठ उघडायला सांगितली आणि एका बाजूचा अंगठा उचलला. तळहात गुलाबी व्हायला हवा होता. तो मेणासारखा पांढरा राहिला.

"सिगारेट?" त्यांनी विचारलं.

"अधूनमधून," कात्री म्हणाली.

नवरा छताकडे बघायला लागला.

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. "तुमच्या हातातल्या बारीक रक्तवाहिन्या सुजल्यात आणि बुजत चालल्यात. हा आजार तंबाखूवर जगतो. प्रत्येक सिगारेटीबरोबर त्या आणखी आवळतात, हृदय जोरात धावतं आणि बोटापर्यंत रक्तच पोचत नाही. पूर्ण सोडलीत तर बहुतेक वेळा हा जिथे आहे तिथे थांबतो. एखादी जरी चालू राहिली तर थांबत नाही."

"पण मला तिच्याशिवाय कापता येत नाही हो. हात हलतो माझा."

"तो का हलतो, सांगतो. झुरका घेतला की निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथे त्याला बसायला खुर्च्या असतात. ते बसलं की मेंदूला बरं वाटतं. आता रोज गर्दी होते म्हटल्यावर मेंदू खुर्च्या वाढवतो. आणि मग तासा-दोन तासांत गर्दी ओसरली की त्या सगळ्या रिकाम्या खुर्च्या बोंब मारायला लागतात. तुमचा हात हलतो तो त्यामुळे. सिगारेट तुमचा हात स्थिर करत नाही, बाई. तिनेच लावलेली थरथर ती घटकाभर थांबवते."

मग ते म्हणाले, आणि हे वाक्य कात्रीने नीट ऐकलं, "आणखी एक. सोडायला मदत म्हणून निकोटिनची पट्टी मिळते, चघळायची गोळी मिळते. इतरांना मी स्वतः लिहून देतो. तुम्हाला नाही. या आजारात निकोटिन धुरातून आलं काय आणि गोळीतून आलं काय, बोटाला फरक पडत नाही." तोवर नवरा चिठ्ठी घेऊन बाहेर औषधांच्या रांगेत गेला होता.

घरी येऊन तिने पाकीट नवऱ्याच्या हातात दिलं. नवऱ्याने ते नळाखाली धरलं. दुसऱ्या दिवसापासून घरात वादळ शिरलं. तिला भांड्यांचा आवाज सहन होईना, कुणी चमचा ढवळला तरी अंगावर यायचं. झोप उडाली. पार्लरमध्ये एका मुलीच्या कपाळावरच्या बटा तिने तिरक्या कापल्या आणि वर तिलाच सुनावलं, "कपाळच वाकडं आहे तुझं!" मुलगी रडत गेली. थोरलीने तिला घरी पाठवलं.

घरी सासरे होते. पंचाहत्तरीला आलेले, जन्मभर सिगारेट ओढलेले, आणि तरी चार मजले न थांबता चढणारे. तिला दवाखान्यात नेऊन आणल्यापासून ते जिन्याखाली जाऊन ओढायचे. सुनेवर त्यांचा जीव होता, त्यांचे उरलेसुरले केसही तीच कापायची, आणि दर वेळी विचारायची, "बाबा, भांग कुठे पाडू, डावीकडच्या तिघांत की उजवीकडच्या दोघांत?" ती त्या दिवशी स्वयंपाकघराच्या जमिनीवर गुडघ्यांत डोकं घालून बसलेली दिसली, तसे ते चपला सरकवून बाहेर पडले आणि परत येऊन तिच्यासमोर गोळ्यांचं पान ठेवलं.

"औषधवाला म्हणाला, सोडायला हेच देतात. चघळायचं. सिगारेट नाही, धूर नाही, काही नाही. घे, पोरी."

कात्रीने पानाकडे बघितलं. डॉक्टरांचं वाक्य तिच्या कानात होतं, शब्दन् शब्द. तिने गोळी फोडली आणि तोंडात टाकली. जिभेला झणझणलं, आणि थोड्याच वेळात छातीत अडकलेली गाठ सुटावी तसं सगळं सैल झालं.

"बरं वाटतंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो, बाबा," ती म्हणाली आणि रडायला लागली. त्यांना वाटलं, आनंदाने.

मग महिनाभर सगळीकडे तिचं कौतुक झालं. हात स्थिर, जीभ पुन्हा धारदार. थोरली प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, "सोडली हं हिने!" नवऱ्याने कामावरच्या लोकांना सांगितलं, त्याच्यासारख्या मुखदुर्बळ माणसाने. कात्री सिगारेटला खरंच शिवली नव्हती. तीही शपथेवर सांगायची आणि तिला ते खरं वाटायचं. सासरे गुपचूप गोळ्यांचं पान आणून द्यायचे. "नवऱ्याला कशाला सांगायचं, उगाच प्रश्न विचारेल," असं तिनेच त्यांना पटवलं होतं. फक्त बोट ऐकत नव्हतं. काळेपणा पेरापर्यंत उतरला होता. वेदनेने ती हात खाली लोंबकळत ठेवून बसल्या बसल्या झोपायची, कारण आडवं पडलं की कळ डोक्यात जायची.

डॉक्टरांनी लघवी तपासायला घेतली. पुढच्या भेटीत नवराही आत होता.

"यात निकोटिन आहे," डॉक्टर म्हणाले.

"शक्य नाही!" कात्री ओरडली. "आईशप्पथ, एक झुरका नाही घेतला मी!"

नवरा तिच्याकडे वळला. "अगं, निदान इथे तरी खोटं बोलू नकोस."

"मी सिगारेट ओढलेली नाही!"

घरी येऊन त्याने कपाटं उघडली, गाद्या उलटल्या, तिच्या ॲप्रनचे खिसे बाहेर काढले. खिशातून गोळ्यांची रिकामी पानं खळखळत जमिनीवर पडली. तो ती हातात घेऊन नाव वाचत राहिला.

"ते मी आणलं," दारातून सासरे म्हणाले. "सोडायचं औषध आहे ते. काय झालं?"

नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला. फोन ठेवून तो वडिलांना म्हणाला, "बाबा, यातही तेच आहे. हिला हे चालत नव्हतं." सासऱ्यांनी दाराची चौकट धरली. आता कात्रीने बोलायचं होतं. एकच वाक्य होतं. ते तिच्या घशाशी आलं, आणि तिने ते गिळलं.

बोट मुळापासून काढावं लागलं. सासरे दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले, पाण्याचा घोट घेईनात. तिला खोलीत आणल्यावर ते आत आले, पट्टीत गुंडाळलेल्या हाताला लांबूनच नमस्कार केल्यासारखे हात जोडले आणि म्हणाले, "माझ्यामुळे, पोरी." कात्रीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

घरी आल्यावर सासऱ्यांनी जाहीर केलं की आजपासून आपणही सोडली. दुपारपर्यंत त्यांचे हात थरथरायला लागले. कपबशी निसटून फुटली. ते मुलावर खेकसले, मग माफी मागितली, मग जिन्यात जाऊन बसले. खिडकीतून कात्रीला ते दिसले. म्हातारा माणूस पायरीवर बसून सिगारेट पेटवत होता, आणि ओढता ओढता रडत होता.

तिच्याने ते बघवलं नाही. ती खाली गेली, त्यांच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. धूर नाकात शिरला आणि तिला घेरी आल्यासारखं झालं, तरी ती हलली नाही.

"बाबा, मला माहीत होतं."

"काय?"

"गोळी चालत नाही ते. डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं होतं. तुम्ही आणायच्या आधीच."

सासऱ्यांनी सिगारेट पायरीवर चिरडली.

"मग मला का जाळलंस इतके दिवस?"

"तुमच्यावर ढकललं की मी सुटत होते." तिचा आवाज फाटला. "आणि नुसतं तेवढंच नाही. मी खरं सांगितलं तर तुम्ही पुन्हा कधीच आणून दिली नसती. बोट गेल्यावरसुद्धा, बाबा, मला वाटत होतं, तुम्हाला माझी दया येईल आणि तुम्ही एखादं पान आणाल."

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. रागाने बघायला सुरुवात केली, पण राग तिथे टिकला नाही. ते कठडा धरून उठले.

"मी लेकीकडे राहायला जातो," ते म्हणाले. "मी आहे तिथे माझं पाकीट असणार. बघितलंस ना तू आज. मला नाही जमत."

"बाबा, नका ना जाऊ."

"तू मला थांबवतेयस की पाकिटाला, हे तुला तरी सांगता येईल का?"

ते गेले. रात्री तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती बाहेरून आली की तो जवळ यायचा, आणि मिठी मारायला येतोय की वास घ्यायला, हे तिला कळायचं नाही.

आता कापायचं काम थोरली करते. कात्री मागे उभी राहून सांगते, "कोन कमी कर. खांदा खाली. अगं, केस कापतेयस, भाजी नाही!" गिऱ्हाइकं निम्मी राहिली. उजव्या हाताचं एक बोट थंडीत निळं पडतं. डॉक्टर म्हणतात, तिने खरंच काही घेतलं नाही तर ते वाचेल. ती बहुतेक दिवस घेत नाही. दोनदा तिने घेतलं आहे, आणि दोन्ही वेळा स्वतः जाऊन नवऱ्याला सांगितलं आहे.

परवा एक नवी बाई आली, रंग लावून घ्यायला. तिला बेसिनपाशी बसवताना थोरली म्हणाली, "मी धुते," पण कात्री आधीच पुढे झाली होती. बाईच्या केसांत ताजा धूर होता. कात्रीने उरलेल्या बोटांनी केस मोकळे केले, कोमट पाणी सोडलं, आणि पाण्याच्या वाफेबरोबर तो वास वर आला. ती वाकली. आणखी वाकली. डोळे मिटून ती त्या ओल्या केसांवर श्वास घेत राहिली, नळ वाहत राहिला.

"ताई, झालं का हो?" बाईने मान अवघडून विचारलं.

थोरलीने मागून येऊन नळ बंद केला, तिच्या हातातून टॉवेल काढून घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तू आत जाऊन बस. मी आहे."

कात्री आत गेली. मागच्या दाराला थोरलीने कुलूप घातलेलं होतं, आणि किल्ली थोरलीच्या कमरेला होती. कात्रीने दोन्ही हात काखेत घट्ट दाबले आणि दाराकडे पाठ करून बसली.