आत्याच्या ताटातली ओवाळणी

आमच्या घरात चांगलं ते सगळं वडिलांकडून आलेलं आणि वाईट ते आईच्या माहेराकडून, असा जुनाच निवाडा होता. नाक, उंची, हुशारी वडिलांची; पित्त आणि चष्मा आईकडचा. चाळिशीच्या आत मला स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा तोही आईच्याच माथी मारला गेला. ऑपरेशन झालं, उपचार संपले आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही जनुकांची तपासणी केली. दोष निघाला वडिलांकडचा. स्वतःला काही न होताही माणूस तो पोटच्या पोरांना देऊ शकतो, हे ऐकून वडिलांचा चेहरा उतरला. आई मात्र दोन दिवस आमच्या लोणी गावभर मिरवत होती. "आमच्याकडचं न्हाईच ते!" हे तिनं डेअरीवर दूध घालायला आलेल्यांनाही सांगितलं. मला तिचा राग यायला हवा होता, पण हसूच यायचं.

डॉक्टर म्हणाल्या, वडिलांच्या बहिणीतही हा दोष असण्याची शक्यता निम्मी. तिच्यात असेल तर तिच्या दोन्ही मुलींना धोका. आत्या राजुरीला, वडिलांपेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि सहापट हट्टी. मी फोन केला, तिच्या मुलींनी हातापाया पडून पाहिलं.

"मला काय धाड भरलीय? अजून दोन म्हशींची धार काढते मी. लई शिकलात तुमी!"

मला भीती वाटत होती, आणि तिचा संतापही येत होता. वडील एवढंच म्हणाले, "तुला माझ्यामुळं झालं. आक्काचं तरी वेळेत कळू दे."

भाऊबीजेला आम्ही राजुरीला गेलो. आत्यानं पाट मांडला, वडिलांना कुंकू लावलं, ओवाळलं. वडिलांनी ताटात दरवर्षीसारखी साडी ठेवली आणि तिच्यावर एक घडी घातलेला कागद. पुण्याच्या दवाखान्यातली तपासणीची वेळ होती, आत्याच्या नावानं, येत्या मंगळवारची.

आत्यानं वाचलं. "हे काय रं?"

"ओवाळणी."

"मला नको असली."

"भावाची ओवाळणी परत करतीस, आक्का? कर. मी बसलोय हितंच."

वडील पाटावरून हलेनात. स्वयंपाकघरात भजी निवत होती आणि दोघं म्हातारे एकमेकांकडे टक लावून बघत होते. शेवटी आत्यानं कागद उचलून कमरेला खोचला. "लहानपणापासनं लबाड हाईस तू," ती म्हणाली.

मंगळवारी तिनं रक्त दिलं. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. तिच्यात दोष नव्हता, म्हणजे मुलींचीही काळजी मिटली. वडील पेढे घेऊन राजुरीला धावले, आई आणि मीही गेलो. आईनं स्वतःच्या हातानं नणंदेला पेढा भरवला. मी मिठी मारायला गेले, तर आत्या रडत होती.

"आत्या, सुटलीस की! आता कशाला रडतेस?"

"माझं समदं बघून झालंय, पोरी. ते माझ्यात यायचं सोडून तुझ्यात कशाला गेलं गं?"

सगळ्या आजारपणात मी कुणासमोर एकदाही रडले नव्हते. त्या दिवशी तिच्या पदरात तोंड खुपसून पोटभर रडले, आणि मग आम्ही दोघींनी मिळून अर्धा डबा पेढे संपवले.