साडूचा लाल ट्रे

"लाल ट्रे! डोळं झाकून लाल ट्रे!" पाहुणे जिना उतरून फाटकापर्यंतही पोचले नव्हते, तोवर माझा साडू आमच्या आकुर्डीच्या सासुरवाडीत ओरडायला लागला. पाहुणे म्हणजे धाकट्या मेव्हणीला बघायला आलेलं कासारवाडीचं स्थळ. आणि ते स्थळ मी आणलेलं!

पृथ्वीवरच्या यच्चयावत वस्तूंची प्रतवारी करायला देवाने एकच माणूस जन्माला घातला आणि तो नेमका माझा साडू केला. महाळुंग्याच्या एका कंपनीत तो तयार माल तपासतो. चांगला माल हिरव्या ट्रेत, दुरुस्तीचा पिवळ्यात, बाद लाल ट्रेत. कंपनी सुटते, ट्रे सुटत नाहीत. वांगी, डॉक्टर, शेजारी, लग्नातले बँडवाले, सगळे ट्रेत! त्याने नुसती नजर टाकली की मंडईतली भेंडी आपणहून ताठ होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. "एका खुणंवर जायचं न्हाई," तो म्हणतो. "नुसतं टक्कल म्हंजे काय न्हाई. टक्कल हाय आन् खिशात कंगवा हाय, तर त्या गड्याचा शब्द धरायचा न्हाई."

एकेकाळी सासूबाई मला विचारून पडदे घ्यायच्या. मी थोरला जावई! आता आंब्याची पेटीसुद्धा तो येईपर्यंत उघडत नाहीत. त्यामुळे माझ्या पोटात जी भट्टी पेटलीय, तिच्यावर चाकणचे निम्मे कारखाने चालतील. मी आधी आणलेली सगळी स्थळं लाल ट्रेत गेली होती; हेही बाद झालं, तर त्या घरात मला पुन्हा कुणी काही विचारणार नव्हतं.

"मुलात खोट काय?" मी गरजलो. "बूट आरशासारखे होते!"

"व्हय. आन् गाडीची चेन गंजलेली. बूट लोक बघत्यात, चेन कोन बघतंय? एकेकटं दोन्ही चालतंय, दादा. जोडीनं बघा."

सासूबाईंनी मान डोलावली. संपलं.

मी त्याला जिन्यात गाठलं. आवाज भांडायलाच निघाला होता, पण वाटेत कुठेतरी बसला. "आणि मी रे? मी कुठल्या ट्रेत?"

तो चपला शोधत होता. "तुमी ट्रेत न्हाई. कंपनीत एक पीस काचंच्या कपाटात ठेवत्यात, बाकीचा माल त्याच्यासंगं ताडून बघायला. तुमचं बूट कायम धुळीचं, पर चेनला दर रविवारी तेल."

मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो. "म्हणजे मी आणलेली ती सगळी पोरं..."

"तुमच्यासंगंच ताडली की," तो म्हणाला. "माझी दुसरी चप्पल दिसली का?"