सवतीच्या पावलांचं गाणं

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्यात सिनेमाचं शिक्षण घेत होते. दुसऱ्या वर्षी प्रत्येक गटाला एक गाणं चित्रित करून दाखवावं लागे. आमच्या गटात चौघं होतो. दिग्दर्शन माझ्याकडे, कॅमेरा एका अबोल मुलाकडे, नायिका म्हणून नाटकात कामं करणारी माझी मैत्रीण, आणि ध्वनिमुद्रण शिकणारा आमचा कवी. गाणं त्याचंच होतं. ‘स्मृतीच्या पावलांनी तू उतरशी अंगणी’ ही ओळ सुचली तेव्हा त्यानं आम्हाला जेवणावरून उठवून ती ऐकवली होती.

भातखाचरात चित्रीकरण करायचं मी ठरवलं. पॅसेंजरनं कामशेतला उतरून आम्ही सामानासकट तीन मैल चाललो. लावणीचे दिवस होते. शेताच्या मालकांना सगळे आबा म्हणत. त्यांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“गानं करा की. पन खाचरात उतरलेल्यानं रोप लावायचं. नुसतं बगत हुबं ऱ्हायचं न्हाई.”

त्यामुळे पहिले दोन तास आम्ही वाकून भात लावला. लावणीला वरच्या ठाकरवाडीतल्या बाया आल्या होत्या. त्यांतल्या वयानं मोठ्या मावशींनी माझी वाकडी ओळ उपटून पुन्हा लावली. “बाई, तुला श्याळंत सरळ रेघ न्हाई शिकवली?”

मग चित्रीकरण सुरू झालं. गाणं आम्ही आधीच टेपवर घेतलं होतं. ते वाजवायचं आणि नायिकेनं त्यावर ओठ हलवायचे, एवढंच काम. चार-पाच वेळा तालीम झाली आणि टेपरेकॉर्डरचे सेल उतरले. आवाज जाडजाड होत गेला. नायिका ‘अंगणी’ म्हणून तोंड मिटून उभी, आणि टेपमधली गायिका अजून ‘पाऽऽवऽऽ’वरच. बायांनी रोपांच्या मुठी खाली ठेवल्या आणि पोट धरून हसल्या.

कवी आबांची सायकल घेऊन कामशेतला सेल आणायला गेला. आम्ही बांधावर बसून राहिलो. आभाळ भरून येत होतं आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. मावशी म्हणाल्या, “यंतर बंद पडलं म्हून काय झालं? गानं आमाला पाठ झालंय. आमी म्हनतो, तुमी फोटू काढा.”

त्यांनी लावता लावता सुरुवात केली, बाकीच्यांनी उचललं. रोप चिखलात खोचताना ठेका पडत होता. मात्र ‘स्मृती’ काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या म्हणत होत्या, ‘सवतीच्या पावलांनी तू उतरशी अंगणी.’ प्रेमगीतात सवत शिरल्यावर नायिकेला हसू आवरेना. तालमीत एकदाही न आलेलं ते हसू कॅमेऱ्यात उतरत होतं. अबोल मुलगा पहिल्यांदाच ओरडला, “थांबू नका!”

तेवढ्यात कवी परतला. वाटेतल्या पावसानं नखशिखांत भिजलेला, सेल मात्र शर्टाच्या आत कोरडे. बांधावर उभं राहून त्यानं आपलं गाणं ऐकलं. आता आमच्याकडे चालू टेप होता, म्हणजे त्याचं मूळ गाणं वापरता आलं असतं. मला ते वापरायचं नव्हतं, आणि हे त्याला सांगणं भाग होतं.

“मला हे हवंय,” मी म्हणाले.

 तो चिखलात उतरून मावशींपुढे गेला. “मावशी, चुकतंय तुमचं. सवत नाही, स्मृती. म्हणजे आठवण.”

“आठवन अंगनात येती व्हय? सवत येती. माज्या आली हुती.”

बाया पुन्हा हसल्या. कवीही हसायला लागला. त्यानं सेल घातले, माइक मावशींच्या तोंडाजवळ धरला आणि म्हणाला, “पुन्हा म्हणा. पहिल्यापासून.”

परीक्षेला गाणं दाखवलं तेव्हा ओठ आणि आवाज कुठेच जुळत नव्हते. सरांनी त्याबद्दल गुण कापले, आणि मग तेच गाणं पुन्हा लावायला सांगितलं.

कवी त्यानंतर कितीतरी रविवार टेप घेऊन ठाकरवाडीला गेला. एकदा मीही बरोबर होते. मावशींनी नाचणीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण वाढलं, चार गाणी म्हटली आणि पाचव्याला त्याच्यावर डाफरल्या, “आता तू म्हन. किती येळ नुसतं यंतरच धरून बसशील?” त्यानं म्हटलं. फार बेसूर म्हटलं.